टाकीचं झाकण

चढ संपवून गाडी सपाटीला लागली आणि इंजिनाने दोन आचके देऊन मान टाकली.

दहा वाजले होते. अकराला मुलाखत होती, तंत्रशाळेत इंजिन शिकवण्याच्या नोकरीची, आणि जागा एकच. बरं, गाडी बंद पडली तीही कोणाची? अख्खं गाव जिला 'मिस्त्रीण' म्हणतं तिची! कोणी पाहिलं असतं तर पोट धरून हसलं असतं. पण रस्त्यावर चिटपाखरूही नव्हतं.

तिने किल्ली फिरवली. स्टार्टर जोरात फिरला, म्हणजे बॅटरी ठणठणीत होती. इंजिन मात्र काही केल्या पकडेना.

ती सकाळ आठवू लागली. वहिनीने गाडी धुतली होती. दादाने बॉनेट उघडलं होतं. टाकी बाबांनी कालच स्वतः भरून आणली होती. निघताना त्यांनी तिच्या डोक्यावरून थरथरता हात फिरवला, तेव्हा त्यांच्या नखांत साबण अडकलेला दिसला. "हात नीट धुवा की, बाबा," ती हसून म्हणाली होती.

वहिनीला बॉनेट उघडतासुद्धा येत नाही. दादा मात्र परवाच भर जेवणात कडाडला होता, "तू गेलीस तर गॅरेज कोण बघणार?" तिच्या मनात पाल चुकचुकली. तिने फोन लावला.

"दादा, सकाळी बॉनेट का उघडलं होतंस?"

"ऑइल बघायला. का गं?"

"गाडी बंद पडलीय. खरं सांग, कुठली वायर ढिली केलीस?"

दादा म्हणाला, "तुला तसं वाटतं?" आणि त्याने फोन ठेवला.

दादा वायरिंगचा माणूस, म्हणून तिने एकूण एक वायर तपासली. प्लग काढून ठिणगी पाहिली. निळीशार, म्हणजे वायरिंगमध्ये दोष नव्हता. यातच सव्वा तास गेला. मग पेट्रोलचा काचेचा फिल्टर पाहिला, तर आत थेंब नाही. टाकी तर भरलेली!

तिने टाकीचं झाकण फिरवलं. सूंऽऽ करून हवा आत ओढली गेली.

झाकणाला एक बारीक भोक असतं. पेट्रोल खर्च होईल तशी त्यातून हवा आत येते. ते बुजलं की थोड्या अंतराने पेट्रोल पुढे सरकणंच थांबतं. तिने केसांतली पिन भोकात घातली. पिवळं, चिकट काहीतरी निघालं. तिने ते नाकाशी धरलं आणि मटकन रस्त्याच्या कडेला बसली.

थोड्या वेळाने गाडी मुकाट सुरू झाली. तंत्रशाळेतल्या कारकुनाने फोनवर सांगितलं, "बाई, जागा भरली."

दुपारी गॅरेजमध्ये तिने तिघांना समोर बसवलं.

"वहिनी, गाडी कशाने धुतलीस?"

"बाटलीतल्या शाम्पूने. तूच तर आणलाय."

"दादा, टाकीच्या झाकणाचं भोक बुजवायचं असतं तर तू काय लावलं असतंस?"

दादा अजून घुश्शातच होता. "एपॉक्सीचा डिंक. मेण पेट्रोलने विरघळतं."

"साबण नाही विरघळत." तिने पिनेवरचा पिवळा गोळा आणि टाकीचं झाकण पुढे केलं. "हा कपडे धुण्याचा साबण आहे. गळकी टाकी वाटेत साबणाने कोण बुजवायचं आपल्याकडे? भोकाभोवतीही फासलाय बघा. ज्याने लावला त्याचा हात स्थिर नव्हता."

वहिनीने नजर जमिनीला लावली.

"दुष्मनाने वायर तोडली असती, टाकीत माती घातली असती. ज्याचा गाडीवर जीव आहे, त्याचं हे काम आहे." तिने बाबांचा हात उचलून उलटा केला. अंगठ्याच्या नखात ती पिवळी रेघ अजून होती. "अर्ज करायला लावणारेही तुम्हीच होतात ना, बाबा?"

बाबांनी हात सोडवून घेतला नाही. "तू गेल्यावर मी दिवसभर बोलू कोणाशी? राहा म्हटलं असतं तर तू राहिली असतीस, आणि जन्मभर मला बोल लावले असतेस. पण गाडीला काही होऊ दिलं नाही मी."

"गाडीला नाही, बाबा."

ज्या माणसाने बोट धरून पाना हातात दिला, त्यानेच वाट अडवली होती.

"गाडी बंद पडली की आधी टाकीचं झाकण उघडायचं, हा तुमचाच पहिला धडा. आज तो आठवलाच नाही. दादाने काय केलं असेल तेच शोधत बसले. तुम्ही काही कराल हे मनातसुद्धा आलं नाही."

तिने झाकण बाबांच्या मांडीवर ठेवलं आणि दादाकडे वळली. त्याची माफी मागायची होती, पण त्याच्या डोळ्यांत बघायचा धीर तिला होईना.