शाळेमागचे कोरे चौकोन

मी जिन्यावरून धावत उतरले ती थेट त्याच्या सायकलीसमोर. करकचून ब्रेक लागला.

“मॅडम, जीव द्यायचाय का?”

“तुमचा घ्यायला आलेय.”

हा आमचा कुरिअरवाला. मी शहराच्या हवेचा नकाशा करते. गल्लीबोळांचे लहान लहान चौकोन पाडून कुठे किती धूर ते सांगायचं. सगळीकडे यंत्रं कुठून बसवणार? म्हणून कुरिअरवाल्यांच्या सायकलींना हवा मोजणारी डबी लावलेली. चाक जिथे फिरेल, तिथला आकडा मिळतो.

“शाळेमागचा भाग तुमच्याकडे होता ना? तिथले चौकोन कोरे आहेत. आणि आमच्या ऑफिसच्या गल्लीचे पोतंभर आकडे. पुढच्या आठवड्यात नकाशा द्यायचाय. शाळेचे आकडे नसतील तर तिथले ट्रक बंद होणार नाहीत. पोरं धूर खात बसतील.”

तो घंटी उगाच पुसत राहिला.

“इथे रोज पार्सलं असतात?”

“नाही.”

“मग… रस्ता चुकता?”

“तुम्ही खिडकीत असता ना,” तो हळूच म्हणाला, “म्हणून. वळसा पडतो, पण… पडू दे.”

माझं काळीज असं धडधडलं की रागवायचं राहूनच गेलं. हसू तर आवरेना— भलतीच पंचाईत.

“आजपासून या गल्लीत फिरकायचं नाही,” मी कडक आवाज काढला. त्याचा चेहरा उतरला. “शाळेकडे जायचं. मीही येते, माझी सायकल घेऊन. तुमचा भरवसा नाही.”

मग काय, रोज संध्याकाळी आम्ही दोघं. पहिल्याच दिवशी एक ट्रक गेला, आकडा भसकन चढला आणि मी आनंदाने उडी मारली.

“धूर बघून नाचणारी मुलगी पहिल्यांदाच बघतोय,” तो म्हणाला. आणि बघतच राहिला.

आठवडा भुर्रकन उडाला. शेवटचा चौकोन भरला, तेव्हा तो सायकलीवरून उतरला.

“झालं तुमचं काम. आता मी त्या गल्लीत दिसणार नाही.”

“न दिसून कसं चालेल?” मीही सायकलीवरून उतरले. “माझी जागा आधी भिंतीकडे होती. ऑफिसातल्या ताईंच्या मागे लागून खिडकी मागून घेतली… तुम्ही येता म्हणून. आवडता तुम्ही मला.”

त्याच्या हातून सायकल सुटली. डबीसकट धाडकन पडली. उचलायचं भान दोघांनाही नव्हतं.