तिसरी बॅटरी

बोट खाडीच्या मधोमध बंद पडली, तेव्हा सुकाणूजवळच्या पडद्यावर हिरव्या अक्षरांत ‘बॅटरी पूर्ण’ असंच दिसत होतं.

कस्तुरीने आधी डोळे चोळले. मोटर अडखळली तेव्हा अक्षरं क्षणभर लाल झाली होती, हे तिने स्वतः पाहिलं होतं. पण मोटर थांबली आणि पडदा पुन्हा हिरवा! बॅटरी भरलेली होती, तर बोट चालत का नव्हती?

विचार करायला वेळ नव्हता. ओहोटीचं पाणी बोटीला खाडीच्या मुखाकडे ओढत होतं. समोर लाटा फुटताना दिसत होत्या.

“कस्तू, नांगर सोड!” बाबा ओरडले.

तिने नांगर लोटला. दोर सरसरत गेला, ताणला गेला आणि बोट थरथरत थांबली. उतारू बाकांना घट्ट धरून बसले होते. थोड्या वेळाने एका मासेमारी बोटीने त्यांना ओढत धक्क्याला आणलं.

त्या काळी करंजखाडीत डिझेलचा धूर उरला नव्हता. सगळ्या बोटी विजेवर चालत. दिगंबर खवळे, म्हणजे कस्तुरीचे बाबा, गावाला पलीकडच्या तीरावरच्या दवाखान्यात आणि शाळेत पोहोचवत. पण दुसऱ्या दिवशी त्यांच्या बोटीत कुणी पाय ठेवला नाही. सगळे पुलावरून जाणाऱ्या बसकडे वळले. बंदर समितीने सांगितलं, चारही बॅटऱ्या बदला, नाहीतर बोट बंद ठेवा. नव्या बॅटऱ्या यायला पावसाळा उजाडला असता.

“बदलण्याआधी एकदा पारखीला दाखवू या,” कस्तुरी म्हणाली.

पारखी हा किनाऱ्यावरच्या धक्क्यांवर फिरणारा दुरुस्ती-यंत्रमानव. शेवाळलेल्या पायऱ्यांवर घसरू नये म्हणून तो खेकड्यासारखा आडवा चालायचा. आल्या आल्या त्याने कस्तुरीला चष्मा आणि रबरी हातमोजे दिले.

“आत आम्ल आहे. हे घातल्याशिवाय झाकण उघडायचं नाही.”

बोटीच्या तळाशी शिशाच्या चार बॅटऱ्या मालिकेत जोडलेल्या होत्या (म्हणजे एकीच्या टोकाला दुसरी, दुसरीच्या टोकाला तिसरी, अशा रांगेत). पारखीने आधी तारांची टोकं हलवून पाहिली. सगळी घट्ट होती, कुठे गंजही नव्हता. मग त्याने एकेका बॅटरीचं व्होल्टेज (विजेचा दाब) मोजलं. चारही आकडे जवळजवळ सारखे.

“मग दोष कुठे आहे?” बाबा वैतागून म्हणाले.

“अजून कळलेलं नाही,” पारखी शांतपणे म्हणाला. “बसलेल्या माणसाकडे बघून तो किती वजन उचलेल हे सांगता येत नाही. त्याला उचलायलाच लावायला हवं. आता भारचाचणी (बॅटरीकडून खरोखर काम करून घेऊन केलेली तपासणी) करू.”

त्याने पोटातून तारेच्या जाड वेटोळ्यांचा एक डबा काढला आणि पहिल्या बॅटरीला जोडला. वेटोळी तापून लाल झाली.

“आकडा वाच.”

“बारावरून थोडा खाली आला. आता तिथेच थांबलाय.”

दुसरी बॅटरीही तशीच निघाली. तिसरीला डबा जोडला आणि कस्तुरी किंचाळलीच, “अकरा... दहा... नऊ... अजून खाली चाललाय!”

पारखीने डबा काढला. आकडा हळूहळू वर चढला आणि पुन्हा साळसूदासारखा बारावर जाऊन बसला.

“खाडीतही असंच झालं!” कस्तुरी म्हणाली. “मोटर चालू असताना लाल, थांबली की हिरवा.”

“बरोबर. रांगेतून वीज जाते ती चौघींमधून. तिसरीने दम सोडला की सगळ्या रांगेचा दाब घसरतो आणि मोटर स्वतःला बंद करून घेते.”

चौथी बॅटरी चांगली निघाली. पण कस्तुरीचं समाधान झालं नव्हतं. “जर ती रिकामी आहे, तर दाब पूर्ण कसा दिसतो?”

“तुमच्या घरामागे पाण्याची टाकी आहे?”

“आहे.”

“ती निम्मी गाळाने भरली, तर वरून पाणी काठोकाठच दिसेल. पण बादल्या किती निघतील?”

“निम्म्याच!”

“व्होल्टेज ही पाण्याची पातळी. धारणक्षमता (बॅटरीत मावणारी एकूण वीज) म्हणजे बादल्या. बॅटरी वीज देते तेव्हा आतल्या शिशाच्या पट्ट्यांवर शिसे सल्फेटचा (शिसं आणि आम्ल मिळून होणारा पांढरट पदार्थ) थर धरतो. पुरतं चार्जिंग केलं की तो विरघळतो. पण बॅटरी वारंवार अर्धवट भरलेली राहिली, तर त्या थराचे कडक खडे बनतात. तोच हा गाळ.”

कस्तुरीला एक कोडं पडलं. चारही बॅटऱ्या एकाच दिवशी आणलेल्या, एकाच चार्जरवर भरलेल्या. मग गाळ तिसरीतच का? ती ओणवी होऊन तारा निरखू लागली. जाड तारांमागून एक बारीक लाल तार निघाली होती. ती फक्त तिसऱ्या बॅटरीला जोडलेली होती. कस्तुरी तिच्यावर बोट ठेवून सरकत गेली, ती उतारूंच्या बाकापाशी पोहोचली. तिथे मोबाईल चार्ज करायची पट्टी होती.

बाबांचा चेहरा उतरला. “ही मीच बसवली. लोकांची सोय व्हावी म्हणून. म्हणजे बोट माझ्यामुळेच...”

“सोय चांगली होती, तार चुकीच्या जागी जोडली,” पारखी म्हणाला. “तिसरी बाकीच्या तिघींइतकंच काम करत होती, वर सगळ्यांचे मोबाईलही भरत होती. चार्जर मात्र रांगेचा एकूण दाब बघतो. रांग भरली असं वाटलं की तो थांबतो. तिसरी रोज थोडी उपाशी राहायची.”

त्याने त्या पट्टीसाठी चौघींकडून सारखी वीज घेणारं एक छोटं यंत्र बसवलं. तिसरीच्या जागी आपल्याजवळची जुनी, पण भारचाचणीत टिकलेली बॅटरी दिली. दुपारी बाबांनी रिकामी बोट भर ओहोटीत, पाण्याची ओढ झेलत पलीकडे नेली आणि परत आणली. आकडा हलला, पण पडला नाही; ते पाहून बंदर समितीने परवानगी दिली. धक्क्यावर जमलेल्यांपैकी एक आजी पिशवी सावरत पुढे झाल्या. “दिगंबरा, मला दवाखान्यात सोड बघू,” म्हणाल्या आणि बाकावर जाऊन बसल्या. मग बाकीचेही चढले.

काढलेली बॅटरी पारखीने मंद चार्जिंगवर ठेवली. काही खडे विरघळतील, सगळे नाही, असं त्याने आधीच सांगितलं होतं. दोन दिवसांनी तो परत आला, तेव्हा डबा कस्तुरीने स्वतः जोडला. ती आकड्यावरून नजर न हलवता बराच वेळ बसून राहिली.

“बोट ओढायला नाही चालणार,” ती शेवटी म्हणाली. “पण धक्क्यावरचा दिवा आरामात जळेल.”

“तुझं निदान बरोबर,” पारखी म्हणाला आणि निघता निघता थांबला. “पलीकडच्या बंदरात दोन बोटी अडल्यात. कुठे बिघडलंय ते मला अजून माहीत नाही. येतेस?”

कस्तुरीने बाबांकडे पाहिलं. ते बोटीचा दोर सोडतच होते.

“चष्मा घे आधी,” ते म्हणाले, “आणि बस चटकन.”