चूक-लहर

हिंजवडीतल्या प्रयोगशाळेत नव्या नोकरीच्या चाचणीसाठी अनुजा खैरमोडेच्या डोक्यावर मेंदू वाचणाऱ्या यंत्राची तारांची टोपी चढवली, तेव्हा तिचे तळवे घामेजले होते. जुनी नोकरी सोडल्याचं खरं कारण तिने अर्जात लिहिलं नव्हतं. प्रोग्रॅमिंगने ती आतून पार जळून गेली होती. यंत्राला ते कळलं, तर हीही नोकरी जाणार होती.

पडद्यावर बाण झरझर येत होते आणि ती बटणं दाबत होती. बऱ्याचदा चुकतही होती.

चाचणी संपल्यावर मेंदूतज्ज्ञ डॉ. हेरंब टिल्लू हसत म्हणाले, "माणूस चुकला की क्षणार्धात त्याच्या मेंदूत एक लहर उठते. आम्ही तिला चूक-लहर म्हणतो. कामाने त्रासलेल्यांची लहर उसळते आणि लवकर शमत नाही. म्हणून आम्ही शांत लहरीची माणसं निवडतो. तुमची जवळजवळ सपाट आहे. अभिनंदन!"

गप्प राहिलं तर नोकरी हातात होती.

"डॉक्टर, माझीही आधी उसळायची," ती म्हणाली. "एक स्वल्पविराम चुकला तरी झोप लागायची नाही. मग एक दिवस ते थांबलं. डोळ्यांदेखत चुका निसटून जायच्या आणि काहीच वाटायचं नाही. ती शांतता नाही हो. त्याच आजारापायी मी नोकरी सोडली."

टिल्लूंचं हसू मावळलं.

"नोकरी सोडलेल्यांची लहर तुम्ही कधी मोजलीत?" तिने विचारलं.

"नाही. फक्त काम करणाऱ्यांची. गेली दोन वर्षं इथले प्रोग्रॅम लिहिणारे, तपासणारे, सगळे याच यंत्राने निवडलेत."

"आणि ते काय लिहितात?"

"अतिदक्षता विभागातल्या श्वासयंत्रांचे प्रोग्रॅम."

दोघं धावतच वरच्या मजल्यावर गेले. तपासणी कक्षात छान गारवा होता. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर एका रुग्णालयाच्या नावापुढे लाल इशारा लुकलुकत होता: श्वासयंत्रांतला हवेचा दाब घटतोय. पडद्याखाली चारजण चहा पीत बसले होते.

"हा इशारा कधीपासून आहे?" टिल्लू ओरडले.

"सकाळपासून," एक तरुणी प्रसन्नपणे म्हणाली. "काल नवा प्रोग्रॅम पाठवला ना, त्यात माझं एक चिन्ह उलटं पडलंय. दुपारी बघणार आहे. का हो, सर?"

टिल्लूंनी खिशातून फोन काढला, पण घाईत तो हातातून निसटून खाली पडला.

अनुजा त्या लाल अक्षरांकडे पाहत राहिली. छातीत धस्स व्हायची ती वाट पाहत होती. झालं नाही. नोकरी जाईल ही भीती मनात अजून होती. समोरच्या चुकीची मात्र नव्हती.

पूर्वी घाबरल्यावर आपण काय करायचो, ते तिने एकेक करून आठवलं. मग वाकून फोन उचलला आणि पडद्यावर दिसणारा रुग्णालयाचा नंबर लावला.

"श्वासयंत्रं बंद करा, हाताने दाबायच्या पिशवीने श्वास द्या," ती म्हणाली. तिचा आवाज अगदी शांत होता, म्हणून पलीकडच्या नर्सने विचारलं, "ताई, घाई आहे का?"