कुठंच न बसणारा नट

उद्धवराव पानशांच्या चिंचवडातल्या खोलीत दत्तोबा येऊन बसला आणि नुसता बसूनच राहिला. खासगी तपासाचं काम करणाऱ्या उद्धवरावांना गप्प बसणारी माणसं नवीन नव्हती. त्यांनी चहा मागवला. तो समोर निवून गेला.

पोराला अग्नी देऊन आल्यापासून दत्तोबाला रडू आलं नव्हतं. कुणी जेव म्हटलं की तो जेवत होता, नीज म्हटलं की आडवा होत होता. शेवटी त्यानं मूठ उघडून एक नट टेबलावर ठेवला.

"ह्यो कुठल्या गाडीचा हाय, तेवढं सांगा साहेब. ह्यानंच माझ्या चिमाजीला मारलं."

हकीकत थोडकी होती. चिमाजी नूरमोहम्मदच्या गॅरेजात कामाला होता. देहूरोडच्या लष्करी लिलावातला एक जुना ट्रेलर नूरमोहम्मदनं दुरुस्त केला आणि कांद्याचे व्यापारी बबनराव तो जीपला जोडून चाकणला निघाले. चिमाजी मागं पोत्यांवर बसला होता. मोशीच्या पुढं ट्रेलरचं डावं चाक निखळलं, ट्रेलर उलटला आणि पोरगा खाली सापडला.

रस्त्यावर हा एक नट मिळाला. फौजदारांनी तो उजव्या चाकाच्या बोल्टवर लावून पाहिला, चढेना. डावीकडचे बोल्ट ठेचले होते. एक धड उरला होता, त्यावरही चढेना. मग दुसऱ्याच कुठल्या गाडीचा भंगार नट नूरमोहम्मदनं मुद्दाम बसवला, असं ठरलं. चिमाजी पिंपरीच्या नव्या कारखान्यात लागणार म्हणून आदल्या दिवशी दोघांचं कडाक्याचं भांडणही झालं होतं. नूरमोहम्मद चौकीत होता. उद्या त्याला पुण्याला कोर्टात नेणार होते. नट दत्तोबानं फौजदारांकडून तेवढ्यापुरता मागून आणला होता.

"निघताना चाकं कुणी पाहिली होती?" उद्धवरावांनी विचारलं.

"म्यां. बैलगाडी जुंपली तरी मी चाकं बघूनच पोराला बसू द्यायचो. पाना घेऊन समदे नट कसले. उजवीकडचे जागचे हलले न्हाईत. डावीकडचे मातुर ढिले निघाले. कच्चकन वाजले आन् फिरले. कसून दिले चांगले. म्हंजी मागनं कुणीतरी सोडले, न्हाई का?"

उद्धवरावांनी नट खिडकीशी धरला. त्याच्या प्रत्येक कोपऱ्यावर एक बारीक खाच होती. त्यांनी तिच्यावरून नख फिरवलं.

"चला," ते म्हणाले.

बबनराव आडतीत भेटले. त्यांचा चेहरा उतरला होता.

"वाटेत कुठं थांबलात?"

"कुठंच नाही हो. कुणी ट्रेलरला हात लावलेला नाही. डावं चाक मला मागं टाकून पुढं पळत गेलं, तेव्हा कुठं मला कळलं."

"उजवं?"

"उजव्याला काय धाड भरलीय? ते अजून घट्ट आहे."

चौकीत नूरमोहम्मद भिंतीला टेकून बसला होता. दत्तोबानं त्याच्याकडे पाहिलं. राग यायला हवा होता, पण तोही आला नाही.

"दत्तोबाभाऊ, जेवलात का?" नूरमोहम्मदनं विचारलं.

उद्धवरावांनी नट पुढं केला. नूरमोहम्मदनं एकदा पाहिलं आणि मान वळवली.

"ओळखीचा नाही साहेब."

"लष्करी गाड्या कधीपासून दुरुस्त करता?"

"दुसऱ्या महायुद्धापासून."

"आणि भांडण?"

"झालं ना. पोरगं हाताखाली तयार झालं आणि निघालं. वाईट वाटलं, म्हणून बोललो."

उद्धवरावांनी फौजदारांना सांगून सगळ्यांना चौकीच्या आवारात नेलं. मोडका ट्रेलर तिथंच पडला होता.

"नूरमोहम्मद खोटं बोलले," ते म्हणाले. "या गाड्यांत ज्याची हयात गेली, त्याला चाकाचा नट ओळखू येत नाही? पण फौजदारसाहेब, माणूस खोटं बोलतो ते स्वतः सुटायला. हे 'ओळखतो' म्हणाले असते, तर केव्हाच सुटले असते."

"ते कसं?"

"हा नट त्या धड बोल्टवर लावा. डावीकडे फिरवा."

फौजदारांनी फिरवला. नट सरसर आत गेला.

"याच ट्रेलरचा आहे. अशा काही गाड्यांच्या डाव्या चाकांना उलटे आटे असतात. या खाचा त्याचीच खूण. नेहमीसारखा उजवीकडे फिरवला, तर हा नट घट्ट होत नाही. सुटतो."

"मग सोडला कुणी?"

उद्धवरावांनी दत्तोबाकडे पाहिलं. नूरमोहम्मदच घाईनं म्हणाला, "मीच कसायचा विसरलो असेन. लिहा तसं, साहेब."

दत्तोबा स्वतःच्या हाताकडे पाहत होता. तो कच्चकन झालेला आवाज त्याच्या कानात होता.

"दत्तोबा," उद्धवरावांनी हळूच विचारलं, "कसताना नट शेवटी जड गेला की हलका?"

दत्तोबानं पाना धरल्यासारखी मूठ हवेत फिरवली.

"हलका," तो म्हणाला. मग फौजदारांकडे वळला. "ह्याला सोडा साहेब. चाक म्यां सोडलं."

फौजदारांनी टोपी काढली आणि शिपायाला खूण केली.

"तुला ठावं हुतं?" दत्तोबानं नूरमोहम्मदला विचारलं.

"तुम्ही चाकं कसलीत हे फौजदारांना सांगत होता, तेव्हाच कळलं."

"मंग बोलला का न्हाईस?"

"पोराची काळजी घेतली होती, एवढंच तुमच्यापाशी उरलं होतं, भाऊ. ते मी कसं काढून घेऊ?"

दत्तोबानं मान हलवली. नट आपल्यापाशी असावा म्हणून तो बोल्टवरून काढायला वाकला. जन्माच्या सवयीनं त्यानं तो डावीकडे फिरवला. नट आणखीच घट्ट बसला.

तेव्हा दत्तोबाला रडू फुटलं.