राहून गेलेला हुंकार

पाच दुकानांनी तिला दारातूनच वाटेला लावलं होतं. कॉम्प्युटर जुना, त्यात विंडोजऐवजी लिनक्स, आणि काम काय, तर सीडी राइट करून द्या. सहावं दुकान किल्लीवाल्याला खेटून होतं आणि इतकं अरुंद, की कॉम्प्युटर पोटाशी धरून ती आत शिरायला आणि मालक बाहेर पडायला एकच गाठ पडली. दोघंही दारातच अडकली.

"तुम्ही मागं व्हा ना," ती म्हणाली. "मला पायरी दिसत नाहीये."

"झालो असतो... पण माझी बाही तुमच्या वायरीत अडकलीय."

शेजारचा किल्लीवाला हातातली कानस थांबवून बघत होता. "सावकाश, सावकाशराव," तो म्हणाला. गल्लीत सगळे दुकानाच्या मालकाला सावकाशरावच म्हणत. एक स्क्रू काढण्याआधी दोनदा विचार करणाऱ्या माणसाला दुसरं काय म्हणणार!

बाही सुटली. कॉम्प्युटर टेबलावर चढला आणि पडद्यावर लिनक्स दिसताच त्याचा चेहरा ओळखीचं माणूस भेटल्यासारखा उजळला. मग त्यानं स्टूल पुढं सरकवलं आणि विचारलं, सीडी कुणासाठी? आधीच्या पाच जणांनी हे विचारलंच नव्हतं. त्यामुळे असेल, तिनं सगळंच सांगून टाकलं.

बाबांची दृष्टी गेल्यापासून आई रोज संध्याकाळी त्यांना पेपर वाचून दाखवायची. बातम्या नव्हेत, बाबांना आवडायच्या छोट्या जाहिराती. हरवले आहे, सापडले आहे, विकणे आहे. मध्येच आई विचारायची, "ऐकताय ना?" बाबा म्हणायचे, "हं." लेकीनं माइक लावून दिला होता आणि आईला बटण दाबायला शिकवलं होतं, म्हणून ते सगळं कॉम्प्युटरवर साठत गेलं. शेवटच्या संध्याकाळी आईनं विचारलं तेव्हा बाबा झोपेच्या काठावर होते. प्रश्न कानावर आला, जीभ हलली नाही. सकाळी आई उठलीच नाही.

आता बाबा वृद्धाश्रमात होते आणि दिवसागणिक उतरत चालले होते. त्यांना एवढंच हवं होतं, की ते शेवटचं वाचन लावावं आणि राहून गेलेलं "हं" म्हणावं. मोबाइल नको, काचेवर बोट फिरवून त्यांना काही सापडत नसे. कुणी शेजारी उभं राहून लावून द्यावं, तेही नको. उशाशी त्यांचा सीडी प्लेयर होता, त्याची बटणं बोटांना पाठ होती. "तुझ्या आईला उत्तर द्यायचंय," ते तिला म्हणाले होते, "आणि ते काही तुझ्यासमोर द्यायचं नाही."

पण आधीच्या संध्याकाळी क्रमानं ऐकत त्यांना तिथवर पोचायचं होतं, आणि सीडी नेमकी शेवटच्या रेकॉर्डिंगपाशी येऊन अडायची. शहाण्णव टक्के, आणि पडद्यावर बिघाडाची लाल ओळ.

"तुम्ही ऐकलंय ते?" त्यानं विचारलं.

"नाही... धीर झाला नाही."

त्यानं मान हलवली आणि पुढचं काही विचारलं नाही. तिला ते फार आवडलं.

सोमवारी त्यानं सीडी लिहिणाऱ्या ड्राइव्हचं भिंग पुसलं आणि नव्या सीडी आणल्या. शहाण्णव, लाल ओळ. मंगळवारी त्याला दिसलं, की तिच्या खात्याला ड्राइव्ह वापरायची परवानगीच कॉम्प्युटरनं नीट दिलेली नाही, ती त्यानं दिली. पुन्हा शहाण्णव. कामावरून सुटून ती पाचला यायची, तिरप्या उन्हात बिघडलेल्या सीडी टेबलावर पडलेल्या असायच्या आणि त्यांचे सप्तरंगी कवडसे त्याच्या कपाळावर, तिच्या मनगटावर हलत राहायचे. तिचं काम औषधांच्या खोक्यातली माहितीपत्रकं तपासायचं, ती मुंगीएवढ्या अक्षरांची. तो म्हणाला, ते कुणी वाचतं का? ती म्हणाली, मी वाचते म्हणून तुम्ही जिवंत आहात. किल्लीवाल्यानं भिंतीपलीकडून विचारलं, की पेशंट बरा होत नाहीये की डॉक्टरलाच तो बरा व्हायला नकोय? त्यावर दोघंही एकदम गप्प झाली, आणि त्या गप्प होण्यानंच जे सांगायचं ते सांगून टाकलं.

बुधवारी त्यानं यंत्रानं केलेली सगळी नोंद पडद्यावर उघडली. शेदोनशे ओळी सरसर वर गेल्या. त्यातली एक तिच्या डोळ्यांनी पकडली. सवयच होती. ड्राइव्ह लिहितोय तो वेग या सीडीला झेपत नाही, वेग कमी करून पाहा. बस, एवढंच. सीडीच्या कडेकडे जाताना वेग वाढत जात होता आणि नेमकं आईचं शेवटचं वाचन तिथं कडेला होतं.

त्याचंही बोट त्याच ओळीवर थबकलं होतं. मग ते हललं, आणि ओळ वर निघून गेली.

"काही कळत नाहीये," तो पडद्याकडे बघत म्हणाला. "उद्या... उद्या केबल बदलून बघू."

तिच्या ओठांवर वाक्य आलं होतं. एका दिवसानं काय होतंय, असं तिला वाटलं. आणि उद्याही पाच वाजणार होते, उद्याही ते कवडसे...

"उद्या येते," ती म्हणाली.

गुरुवारी त्यानं केबल बदलली. त्या केबलला काही झालेलं नव्हतं, हे दोघांना माहीत होतं. निघताना त्यानं तिच्या बाहीवरचा धुळीचा धागा काढला आणि तो कुठं टाकावा हे न कळून मुठीतच ठेवला. ती घरापर्यंत चालत गेली, बस सोडून.

शुक्रवारी सकाळी वृद्धाश्रमातून फोन आला. बाबा पहाटे गेले. शांतपणे गेले, असं तिथल्या बाई म्हणाल्या. उशाशी प्लेयर होता. बुधवारपासून त्याचं झाकण उघडंच ठेवलं होतं त्यांनी, सीडी येणार म्हणून.

पंधरा दिवसांनी ती कॉम्प्युटर न्यायला गेली. किल्लीवाल्यानं तिला पाहिलं आणि मान खाली घातली. आत टेबलावर एकच सीडी होती, पांढऱ्या पाकिटात.

"गुरुवारीच झाली," तो उभा राहून म्हणाला. "तुम्ही गेल्यावर. चारच्या स्पीडनं लावली, वीस मिनिटांत झाली. शुक्रवारी देणार होतो." त्यानं पाकीट तिच्याकडे सरकवलं. "पण... ती बुधवारीच झाली असती. मला कळलं होतं. तुम्ही उद्याही यावं म्हणून मी ती ओळ वर ढकलली. हे मी सांगितलं नाही तर तुम्हाला कधी कळणार नाही, म्हणून सांगतोय."

तिला वाटलं, इथंच थांबावं. सगळा दोष या माणसाच्या अंगावर घालून निघून जावं. तो सावकाश, निमूटपणे आयुष्यभर वाहील. फार सोपं होतं ते.

"मी बारीक अक्षरं वाचते," ती म्हणाली. "विसरलात?"

तो बघतच राहिला.

"मीही वाचली होती ती ओळ. तुमच्याआधी. मलाही उद्या यायचं होतं."

 मग तिनंच सीडी काढून ड्राइव्हमध्ये ठेवली आणि शेवटचा ट्रॅक लावला.

पेपरची खसखस. आईचा आवाज, जाड भिंगातून वाचताना यायचा तसा, अडखळत. हरवली आहे, हिरव्या दांड्याची छत्री, आणून देणाऱ्यास चहा. "चहाच फक्त? ऐकताय ना?"

काही नाही. बाबांचा श्वास. बाहेर कुणाच्या तरी सायकलची घंटा. तिनं टेबलाची कड घट्ट धरली. 'हं' तिच्या गळ्याशी आलं, पण ते तिचं नव्हतं. तो ओठ मिटून उभा होता. त्याचं तर नव्हतंच नव्हतं.

मग आई हसली, अगदी हळू. "झोपले वाटतं," ती स्वतःशीच म्हणाली. "बाई गं, झोपले एकदाचे... चार रात्री डोळ्याला डोळा नव्हता." पांघरूण ओढल्याचा आवाज. आणि बटण.

आईला उत्तर नकोच होतं. बाबांना झोप लागावी, एवढंच हवं होतं, आणि ते तिला मिळालं होतं.

"हे त्यांना कळायला हवं होतं," ती म्हणाली, आणि पंधरा दिवसांत पहिल्यांदा रडली. त्यानं तिला हात लावला नाही. स्टूल तेवढं पुढं सरकवलं, पहिल्या दिवशीसारखं, आणि स्वतः जमिनीवर, दाराशी बसला. त्याचेही डोळे भरले होते आणि तो ते पुसत नव्हता.

ऊन टेबलावरून उतरून गेलं तेव्हा ती उठली. सीडी पाकिटात घातली, पाकीट पर्समध्ये. तो कॉम्प्युटर उचलून द्यायला पुढं झाला.

"तो राहू दे इथं," ती म्हणाली.

तो थांबला.

पायरी आता तिला डोळे मिटूनही सापडली असती. ती खाली उतरली आणि पाठमोरीच म्हणाली, "येईन मी..."

किल्लीवाल्याची कानस थांबली होती.

"...उद्या नाही."