तेरावी चादर

१९९२च्या जानेवारीत चंडीगढच्या इंडस्ट्रियल एरियातल्या आमच्या स्टुडिओत संगणकावर संपादन करायचं यंत्र आलं. मी मूळचा नगरचा, पेशानं व्हिडिओ संपादक. तोवर आम्ही एका टेपवरून दुसऱ्या टेपवर दृश्यं उतरवायचो. मधलं एक काढायचं तर पुढचं सगळं नव्यानं जोडावं लागे. आता बटण दाबलं की नको ते गळायचं आणि उरलेलं आपोआप जवळ सरकायचं.

तिसऱ्याच आठवड्यात आमचा कॅमेरामन रघुवीर सिंग भर दुपारी टेप घेऊन आला. खरड गावाच्या पुढे अतिरेक्यांनी बस अडवून प्रवाशांना खाली उतरवलं होतं आणि गोळ्या घातल्या होत्या. रघुवीरच्या बुटांवरचं रक्त अजून ओलं होतं. टेपवर फुटलेल्या काचा, स्टिअरिंगवर डोकं फुटून पडलेला ड्रायव्हर, पायरीवरून ठिबकणारं रक्त. शेवटी गव्हाच्या शेताकडेला ओळीनं प्रेतांवर घातलेल्या चादरी. बारा.

टेप यंत्रात उतरवली. पडद्यावर चादरी तेरा होत्या.

टेप पुन्हा पाहिली. बाराच. यंत्रात तेरा. तेराव्या चादरीबाहेर हिरव्या बांगड्यांचा हात आला होता.

रघुवीरनं पडद्याजवळ वाकून बांगड्या पाहिल्या. "ये तो सुमनजी हैं, स्कूल में पढ़ाती हैं. मैंने खुद एम्ब्युलन्स में चढ़ाया. ज़िंदा थीं, यार!"

मी इस्पितळात फोन लावला. पोटात दोन गोळ्या आहेत, नाडी लागत नाही, नर्स म्हणाली.

पडद्यावरचं चित्र मी थांबवून ठेवलं होतं. तरी तो हात हळूहळू चादरीखाली सरकत होता.

"काट दो!" रघुवीर ओरडला.

मी तेवढा तुकडा कापला. कडा जुळल्या.

फोन चालूच होता. पलीकडून आवाज आला, "आ गई! नब्ज़ आ गई!"

रघुवीर ढसाढसा रडला.

पाचव्या दिवशी आम्ही त्यांना भेटायला गेलो. सुमनजी उशीला टेकून बसल्या होत्या. रघुवीरला पाहून त्यांनी हात जोडले.

"भाईसाहब, आपका..."

आणि थांबल्या. डोळे उघडे. छाती हलेना.

रघुवीर नर्सला बोलवायला धावला.

"...बहुत एहसान है," त्यांनी वाक्य पुरं केलं. मधला तुकडा कापून कडा जुळवल्यासारखं.

त्यांच्या खांद्यावर चिमूटभर राख होती, चितेवरून उडून यावी तशी. मी ती हातानं झटकली.

गरम होती.