धाकट्याचा अर्ज

"लिहून घ्या," सासूबाई खाणीच्या कारकुनाला म्हणाल्या, "हिनं नवरा घरात ठेवला आणि माझा धाकटा मरायला पाठवला... युद्धस्मारकाचा इतिहास छापताय ना, मग एवढं तरी खरं छापा."

सून चहा गाळत होती. पंचवीस वर्षं ती हे वाक्य ऐकत आली होती आणि त्यातला एक शब्दही कधी इकडचा तिकडे झाला नव्हता.

त्या स्मारकाचा तिला मनस्वी तिटकारा होता. चौकातल्या दगडी शिपायाच्या पायांत होते तसे बूट गावातल्या एकाही पोराला मिळाले नव्हते. खाली खाणीच्या साहेबांचं नाव मेलेल्या एकोणीस जणांच्या नावांहून दुप्पट मोठं होतं, कारण अनावरणाचा पडदा त्यांनी ओढला होता. दरवर्षी तिथे हौतात्म्यावर भाषणं होत, आणि ती करणारे सगळे युद्धात घरी बसलेले असत. तिचा नवरा छातीत कोळशाची धूळ भरून दहा वर्षं खोकत मेला... त्याला अर्थातच कुठल्याच दगडावर जागा नव्हती.

युद्धाच्या वर्षी घरटी एकाच खाणकामगाराला सैन्यातून सूट होती. दोघा भावांत ती थोरल्याला, म्हणजे तिच्या नवऱ्याला मिळाली. सुनेनंच डाव साधला, हे सासूबाईंनी त्याच दिवशी ठरवून टाकलं, आणि सून गप्प राहिली. कारण त्याच्या महिनाभर आधी खाणीचं छत कोसळून धाकटा दीर दोन दिवस खाली गाडला गेला होता, आणि बरा झाल्यावर आई नळावर गेलेली पाहून त्यानं वहिनीचे पाय धरले होते... मी लढाईवर जातो, पण पुन्हा खाली उतरणार नाही, आणि हे आईला कळू देऊ नकोस. खाणकामगाराचा पोरगा खाणीला भ्याला, याहून मोठी नामुष्की त्या गावात नव्हती, आणि आई तर नळावर रोज त्याच्याच धाडसाच्या गोष्टी सांगे.

कारकून घुटमळला. सूट कुणाच्या सांगण्यावरून मिळत नसे, तो म्हणाला; जो ती सोडी, त्याला स्वतःच्या हातानं कारण लिहून द्यावं लागे. त्यानं फाईलमधून एक पिवळा कागद काढला आणि मान खाली घालून वाचला: "मला खाली उतरायची भीती वाटते. मला सैन्यात पाठवावे."

सासूबाईंनी कागद ओढून घेतला. अक्षर धाकट्याचंच होतं. कितीतरी वेळ त्या त्याच्यावरून बोट फिरवत राहिल्या.

"तुला ठाऊक होतं?"

"हो."

"मग इतकी वर्षं माझं ऐकून का घेतलंस?"

"त्याला शब्द दिला होता, आई." मग ती कारकुनाकडे वळली. "हे छापू नका. तुमच्या दगडाला शूरच लागतात."

"छापा," सासूबाई म्हणाल्या. "माझा मुलगा भ्याला होता. त्याच्या वहिनीनं ते पोटात ठेवलं, आणि मी तिला जन्मभर घालूनपाडून बोलले... तेही छापा."

असलं काही कमिटीला चालणार नाही, कारकून पुटपुटला.

"कमिटीला सांगा," म्हातारी तुच्छतेनं म्हणाली, "भ्यायला आधी खाली उतरावं लागतं."

सुनेला हसू फुटलं, आणि त्या हसण्यातच तिचे डोळे भरून आले. कारकून फाईल आवरून निघून गेला. सासूबाईंनी सरकून बाकावर जागा केली.

"बस इथं," त्या म्हणाल्या. "तो काय काय म्हणाला होता... पहिल्यापासून सांग."